नकाशावाल्यांनो, साकव कुठाय?

हिरवा! आमच्या वाडीला हिरवा रंग मारलाय साल्यांनी.

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेच्या थंडगार हॉलात मी बसलो होतो. रात्रपाळी करून, डोळे चुरचुरत. आपल्यातलाच एक पोरगा तिथं रोजंदारीवर डेटा भरतो, त्यानं बोलावलं. म्हणाला, ये, तुझ्या कोकणाचा नकाशा दाखवणार आहेत, आरोग्याचा. भिंतीवर पडदा. पडद्यावर जिल्हा. जिल्ह्यावर रंग. दवाखाना अर्ध्या तासाच्या आत असेल तिथं हिरवा, तासाच्या आत असेल तिथं पिवळा, त्याच्या पलीकडं लाल. बोलणारा माणूस गोड होता. शर्टाला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. जिल्ह्याचा बराचसा भाग हिरवागार. हॉलमध्ये समाधान पसरलं, जसं जेवणानंतर पसरतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा मी हात वर केला. म्हटलं, आमचं गाव जरा मोठं करून दाखवा. दाखवलं त्यानं. म्हटलं, आता खाली, पऱ्याच्या अल्याडची वाडी. बाण वाडीवर आणून ठेवला. बाजूला आकडा उगवला. बावीस मिनिटं.

मी विचारलं, साकव कुठाय?

तो म्हणाला, सॉरी?

म्हटलं, साकव. पऱ्यावरचा. ह्या बावीस मिनिटांत तुम्ही जो पऱ्या ओलांडलात, तो कशावरनं ओलांडलात?

तो हसला. रागानं नाही, समजूतदारपणानं हसला, ते जास्त लागतं. म्हणाला, तो फार स्थानिक तपशील झाला, आमचं मॉडेल एवढ्या खाली जात नाही.

एवढ्या खाली जात नाही! खरं बोलला तो. ह्या देशात एवढ्या खाली कोण गेलंय आजवर?

ज्यांना साकव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचे ओंडके नायतर दोन लोखंडी गर्डर, त्यावर फळ्या, एका बाजूला कधी असला तर कठडा. ओढ्यावरनं माणूस चालत जाईल एवढाच. आमच्या वाडीचा साकव २०२१ च्या पावसात अर्धा गेला, २०२२ ला उरलेला गेला. ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या वहीत तो शाबूत आहे. नकाशावर तर त्याच्यावरनं जीपसुद्धा जाते.

आता बावीस मिनिटांची गोष्ट ऐका.

२०२३ चा जुलै. लावणी चालू. माझी आते बांधावरचं गवत काढत होती. फुरसं चावलं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. फुरसं म्हंजे हातभर जनावर, मातकट रंगाचं, अंगाला अंग घासून करवतीगत आवाज काढतं. ते चावलं की रक्त गोठायचं विसरतं. हिरड्यांतनं येतं, लघवीतनं येतं, जुन्या खरचटण्यातनं येतं. ह्याला इलाज एकच, सापाच्या विषावरची लस, शिरेतनं. मंत्र नाय, कोंबडीचं पिल्लू नाय, मिरची नाय. आणि लस वेळेवर पाहिजे. २०२० साली एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून बारा लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे. बारा लाख! एखादं मोठं शहर अख्खं. आणि ती मेली बहुतेक खेड्यात. हे सापाचे बळी म्हणून लिहितात. साप चावला एवढंच सापाचं काम. बाकीचं काम वाटेनं केलं.

तर साकव नव्हता. पऱ्या छातीभर. मग उरली वरची वाट. सड्यावर चढायचं, सडा पार करायचा, पलीकडच्या उताराला तिठ्यावर उतरायचं. वाडीत जवान माणूस शोधून सापडत नाय, सगळे आम्ही मुंबईत. डोलीला खांदा दिला दोन साठीच्या म्हाताऱ्यांनी आणि नववीतल्या दोन पोरांनी. बांबू, घोंगडी, वरनं प्लास्टिक. मोबाईलला रेंज लागते ती सड्यावर, म्हणून मला फोन आला तोच चावल्यानंतर तासाभरानं. मी त्या वेळी गोदीत कंटेनरच्या सळ्या आवळत होतो.

तिठ्यावर रिक्षा उभी. वरच्या आळीतल्या माणसाची. पहिल्यांदा म्हणाला पेट्रोल नाय. मग रक्त बघितलं आणि म्हणाला सीट खराब होईल. रक्तानं खराब होईल की आमच्यानं, हे त्यानं सांगितलं नाय आणि आमच्या म्हाताऱ्यांनी विचारलं नाय. शेवटी मासळीचा टेम्पो मिळाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर तालुक्याला मीटिंगला. लस संपलेली. नर्सबाई मात्र सोन्यासारखी. तिनं शिरेत सलाईनची वाट करून ठेवली, स्वतः फोन करकरून गाडी मागवली, गाडीत सोबत बसली. तालुक्याच्या दवाखान्यात लस टोचली तेव्हा चावल्याला पाच तास झाले होते.

आते वाचली. बोट काळं पडलं, कापलं. तीन दिवस लघवी कोंडली होती, ती सुटली. पण भाताचं रोप चिखलात रोवतात ते अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्या चिमटीनं. आतेची चिमूट गेली. लावणीची मजुरी गेली. हे पाच तास आणि हे बोट कुठल्या रंगात दाखवता, बोला.

दोस्तांनो, मी मॅट्रिक. पण गाढव नाय. त्या डेटावाल्या दोस्ताकडं सलग रविवार जाऊन बसलो. म्हटलं, हे जादूचं पुस्तक मला उघडून दाखव. त्यात जादू कसली आलीय! जमिनीच्या चौकटी पाडायच्या, साधारण एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकटीला एक भाव लावायचा, ही पार करायला किती वेळ. डांबरी रस्ता असेल तर कमी, जंगल असेल तर जास्त, चढ असेल तर आणखी जास्त. मग कॉम्प्युटर प्रत्येक चौकटीपासनं जवळच्या दवाखान्यापर्यंत सगळ्यात कमी वेळाची वाट शोधतो. मलेरिया अ‍ॅटलास नावाच्या प्रकल्पाच्या मंडळींनी अख्ख्या पृथ्वीचा असा नकाशा काढला. २०१८ साली शहरांपर्यंतचा, २०२० साली दवाखान्यांपर्यंतचा. रस्ते घेतले गूगलचे आणि ओपनस्ट्रीटमॅपचे. काम मोठं आहे, मी नाक मुरडत नाय.

पण त्यातली ग्यानबाची मेख ऐका. एका चौकटीतनं रस्ताही जातो आणि पायवाटही जाते, तर भाव कुणाचा लावायचा? जो सगळ्यात वेगवान असेल त्याचा. म्हंजे गावातनं डांबरी गेली, की चौकटीतले सगळे मोटारीत बसले! पाटलाचा वाडा, देवळाची आळी आणि पऱ्याच्या अल्याडची आमची वाडी, तिघं एकाच चौकटीत, तिघांचीही सारखीच मिनिटं. एक किलोमीटरच्या चौकटीत गाव आणि गावकूस एक होतं. जे बाबासाहेबांना, फुल्यांना जमलं नाही, ते ह्या यंत्रानं एका फटक्यात केलं. रोटीबेटी नाय, पाणवठा नाय, डायरेक्ट समता!

आणि त्याच २०२० च्या अभ्यासात नकाशे दोन आहेत. एक मोटारीचा, एक पायी. मोटार मिळाली तर तासाभरात दवाखाना न गाठू शकणारी माणसं जगात ८.९ टक्के, म्हंजे साडेचौसष्ट कोटींच्या आसपास. पायी जायचं म्हटलं तर ४३.३ टक्के, ३१६ कोटी. बघा फरक! अडीचशे कोटी माणसं नुसती चाकाच्या आणि पायाच्या मधल्या फटीत पडलीत. काढणाऱ्यांनी दोन्ही नकाशे समोर ठेवले. आमच्या हॉलात पडद्यावर आला तो मोटारीचा. निवड कुणी केली? ज्याच्या दारात मोटार आहे त्यानं. त्याला दुसरा नकाशा दिसलाच नसणार.

जागतिक आरोग्य संघटनेचं अ‍ॅक्सेसमॉड म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यात चालायचा वेग वेगळा टाकता येतो, नदी-ओढा आडवा टाकता येतो, पूल नसेल तर वाट तुटते. म्हंजे हत्यार आहे. साकव त्यात बसतो. पण साकव भरायचा तर साकवावर यायला पाहिजे. चप्पल हातात घेऊन.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, चौकट बारीक करू. एक किलोमीटरची शंभर मीटर करू, दहा मीटर करू. करा. जरूर करा. पण मला एक हिशेब मांडून दाखवा. महाडचं चवदार तळं अस्पृश्यांच्या वस्तीपासनं किती मिनिटांवर होतं? १९२३ चा बोले ठराव झाला होता. महाड नगरपालिकेनं १९२४ ला तळं सगळ्यांना खुलं म्हणून जाहीर केलं होतं. रस्ता होता, तळं होतं, पाणी होतं, कागद होता. १९२६ साली हे नकाशावाले महाडला आले असते तर पाण्याचा नकाशा कसा निघाला असता? हिरवा! सगळा महाड हिरवा! आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं तेव्हा काय झालं? डोकी फुटली. तळं बाटलं म्हणून शेणमुताच्या घागरी ओतून शुद्ध केलं. किती घागरी? एकशे आठ. (ॲम्ब्युलन्सचा नंबर हाच का ठेवला, कुणाला ठाऊक.) कोर्टाचा शेवटचा निकाल लागला १९३७ ला. चार पावलांवरच्या पाण्याला दहा वर्षं! ही दहा वर्षं तुमच्या चौकटीत टाका आणि सांगा मिनिटं किती होतात.

हे जुनं झालं म्हणता? अकरा राज्यांतल्या ५६५ गावांत फिरून केलेली पाहणी २००६ साली पुस्तकरूपानं आली, ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवर. त्यात तीनपैकी एका गावात सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देत होते. तेहतीस टक्के गावं! तिथं दवाखाना आपणहून चालत येणार होता आणि वेशीवर थांबला. ही वेस कुठल्या उपग्रहाला दिसते? नदीला निळी रेघ, जंगलाला हिरवा ठिपका, चढाला उताराला छटा. जातीला काय? तुमच्या भाषेत घर्षण म्हणतात ना, प्रत्येक चौकटीचं? मग ह्या देशातलं सगळ्यात मोठं घर्षण तेवढं टाकायचं राहिलं. विसरलात की चालत नाय?

आणि मोजणीबद्दल तुम्ही आम्हाला शिकवू नका. ह्या मुलखाची शीव कुणाला ठाऊक होती? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा पेटला की साक्ष कुणाची? महाराची. इंग्रजांची मोजणी आली तेव्हा कुठं दगड, कुठं बांध, कुठं ओढ्याचं जुनं पात्र, हे पुढं चालत दाखवणारा कोण? महार. गावाचा नकाशा आमच्या आज्या-पणज्यांच्या तळपायावर होता. त्या ज्ञानावर सही करून कागद घेऊन गेले ते साहेब झाले, आणि ज्यानं शीव दाखवली त्याचं खोपट शिवेवरच राहिलं. वतन म्हणून भाकरीचा तुकडा. १९५८ च्या कायद्यानं ती गुलामी गेली, चांगलं झालं, थुंकून टाकली आम्ही. पण शीव दाखवायची अक्कल कुठं गेली नाय. ती आम्ही मुंबईला येताना एस्टीत बसवून आणलीय.

रस्त्याचंच घ्या. पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली २५ डिसेंबर २००० ला. तारीख कुणी कुठल्याही कारणानं धरलेली असो, आम्हाला २५ डिसेंबर म्हटलं की १९२७ चा महाडचा जाळ आठवतो. त्या योजनेचा नियम काय? सपाटीला पाचशेच्या वर लोकसंख्या असेल ती वस्ती घ्यायची, डोंगरात आणि आदिवासी भागात अडीचशे. आणि बारमाही रस्त्यापासनं पाचशे मीटरच्या आत असेल ती वस्ती जोडलेली समजायची, डोंगरात दीड किलोमीटर. समजायची! गावापासनं बौद्धवाडी, मातंगवाडा, चर्मकारवाडी किती लांब असते? हाकेच्या अंतरावर. मनूनं लांब ठेवलं, पण कामाला बोलावता येईल इतकं जवळ ठेवलं. ते नेमकं ह्या पाचशे मीटरांत बसतं. गावाला डांबर आलं की आम्ही कागदावर जोडले गेलो. मधला चिखल कुणाच्याच वहीत नाय. २०२२ साली ह्याच योजनेचा सगळा नकाशा सरकारनं खुला केला, आठ लाखांवर ग्रामीण सोयीसुविधा, दहा लाखांवर वस्त्या, पंचवीस लाख किलोमीटर रस्ते. उघडा कुणीही, बघा कुणीही. मी उघडला. बघितला. आमची वाडी त्यात गावाच्या पोटात गेलीय.

तरी जिल्हा हिरवा आहे ना, म्हणतात. दवाखान्याच्या जागी ठिपका आहे. ठिपक्यात कोण बसलंय? केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्याच्या आकडेवारीत देशभरच्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जनांची तूट ८३.२ टक्के आहे. पाचातली चार खुर्च्या रिकाम्या. नकाशावर ठिपका तेवढाच गोल, तेवढाच ठसठशीत. १९४६ साली भोर समितीनं दहा ते वीस हजार वस्तीमागं पंचाहत्तर खाटांचा दवाखाना सांगितला होता, लांबच्या पल्ल्यात. तो पल्ला अजून पडद्यावर मावत नाय. आज नियमानं वीस-तीस हजारांमागं एक प्राथमिक केंद्र, आणि त्यात लस आहे की नाय हे नशिबावर.

मोखाड्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये काय झालं? पालघर जिल्हा. मुंबईच्या कुशीत. मर्कटवाडीतल्या एका आदिवासी बाईला वेळेआधी जुळं झालं, दोन्ही लेकरं गेली, आणि रक्तस्रावानं मरायला टेकलेल्या तिला झोळीत घालून तीन किलोमीटर न्यावं लागलं. नंदुरबारला ह्या झोळीला पेपरवाल्यांनी नाव ठेवलंय, बांबूलन्स. विनोद आवडला त्यांना. सातपुड्यातल्या बाईला तो आवडला असेल असं वाटत नाय.

बरं, जवळ असणं म्हंजे मिळणं हेही खोटंच. बीडच्या ऊसतोड बायांना खाजगी दवाखाना लांब नव्हता. एवढा जवळ होता की गर्भाशयच काढून घेतलं. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजार ३०९ बायांपैकी १३ हजार ८६१ बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली तर खाडा पडतो, खाड्याला मुकादम दंड लावतो, आणि दवाखाना कात्री घेऊन तयार. ह्या बाया वर्षातले पाच-सहा महिने गावातच नसतात, फडावर असतात, पाचटाच्या कोपीत. नकाशा त्यांना गावात मोजतो. तोही २०११ च्या शिरगणतीनं. २०२१ ची झालीच नाय, पुढं २०२७ ची तारीख पडली. जो माणूस कोपीत आहे त्याला चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या घरात बसवून त्याच्या दवाखान्याचं अंतर मोजताय. वा रे शास्त्र!

आणि म्हणू नका की आम्ही सापडत नाय. पोलिओच्या वेळी सापडलो होतो. वीटभट्टीवर सापडलो, पुलाखाली सापडलो, फडावर, पालावर सापडलो. हातानं काढलेले नकाशे होते, कुठल्या गल्लीत किती घरं, दारावर खडूच्या खुणा. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा कुणी म्हणालं नाय की एवढ्या खाली जाता येत नाय. आशाताईच्या वहीत आजही अख्ख्या वाडीचा नकाशा आहे, कुणाच्या घरात कितवा महिना, कोण दारू पितो, कुठला पूल गेला. २००५ पासनं ती बाई मानधनाच्या नावाखाली राबतेय. तिच्या वहीला डेटा म्हणत नायत. तिच्या वहीतलं घेऊन पडद्यावर टाकलं की डेटा.

मी काय काम करतो ते इथं सांगतो, कारण त्याचा इथं संबंध आहे. न्हावा-शेव्याला २०१६ पासनं कंटेनरच्या दाराला एक बिल्ला लावतात, आरएफआयडीचा. तो डबा बंदरातनं निघाला, टोलनाका ओलांडला, कुठल्या डेपोत शिरला, मालकाला घरबसल्या दिसतं. यार्डात तर विचारूच नका. कितवा बे, कितवी रो, कितवा टियर, तीन आकड्यांत डबा सापडतो. आत काय? कुठल्या तरी साहेबाच्या बाथरूमच्या टाईल्स, चिनी खेळणी, कुत्र्याचं खाणं. कुत्र्याच्या खाण्याचा पत्ता मीटर मीटरला ठाऊक आहे, आणि माझी आते पाच तास कुठं होती हे कुठल्याच पडद्यावर नाय. रोज रात्री मी हे डबे बांधतो आणि रोज रात्री ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरते. तेव्हा मला तंत्रज्ञान म्हंजे काय ते सांगू नका. तंत्रज्ञान एवढ्या खाली जातं. मालाला जातं.

आता थोडं आपल्यांकडं वळतो. रागवायचं असेल तर रागवा. आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे. वर्गणी मीही देतो. विहाराला ग्रॅनाईट बसवलं, छान दिसतं, पाय ठेवताना चपला काढाव्याशा वाटतात. चौदा एप्रिलला डीजे येतो, त्याचं बिल ऐकून मी गप्प बसलो. साकवाचा विषय दोन सभांत निघाला, दोन्ही वेळा ‘ते सरकारचं काम’ म्हणून पुढं ढकलला. सरकारचंच काम आहे! पण सरकारच्या टेबलावर कोण जाऊन बसलं? कोणीच नाय. आमच्यातले जे साहेब झाले ते नकाशाच्या हिरव्या भागात फ्लॅट घेऊन राहतात आणि वाडीला शुभेच्छांचा बॅनर पाठवतात. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातवाचक नावं बदलायचा निर्णय केला, समतानगर, भीमनगर वगैरे. चांगला निर्णय. आमच्यातल्या पुढाऱ्यांनी पेढे वाटले. पाटी बदलली. पाटी पऱ्याच्या पल्याड आहे, पावसात ती बघायलाही जाता येत नाय.

मला सावित्रीबाई आठवतात. १८९७ ची प्लेगाची साथ. मुंढव्याच्या महारवाड्यात पोर तापानं फणफणलेलं. बाईंनी कुठली चौकट बघितली? पोराला पाठीवर घेतलं आणि हडपसरला यशवंतच्या दवाखान्याकडं चालू लागल्या. प्लेग त्यांनाही झाला. १० मार्चला गेल्या. साठी ओलांडलेली बाई होती. पोर जगलं. त्या अंतराचा नकाशा काढायचा तर कुठला रंग घेणार आहात? मंडळाच्या सभेत मी हे बोललो तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या नको होत्या मला, चार खांदे पाहिजे होते.

मिळाले. चार नाय, सहा मिळाले.

२०२५ च्या जुलैत आम्ही सहा जण रात्रीच्या गाडीनं गावी गेलो. दोन गोदीतले, एक कुरिअरवाला, एक बेस्टमध्ये ठेक्यावर, एक बेकार, आणि तो डेटावाला. आतेचं वजन पन्नास किलो धरलं. पन्नास किलोची तांदळाची गोण डोलीत घातली. मोबाईलवर वाटेची नोंद चालू केली, वेळ चालू केली. वाडीतनं सड्यावर, सड्यावरनं तिठ्यावर. आम्ही जवान, रोज ओझी उचलणारे, तरी एक तास चौतीस मिनिटं. दोनदा घसरलो. एकाच्या गुडघ्याचं कातडं गेलं. तिठ्यावर वाहनाची वाट बघितली एक्केचाळीस मिनिटं. वाहन मिळाल्यावर केंद्रापर्यंत एकोणीस मिनिटं. एकूण दोन तास चौतीस. आणि हे दिवसाढवळ्या, मोकळ्या हातानं बांबू बदलत, गोण रक्त ओकत नसताना.

आते ओट्यावर बसून बघत होती. तिनं विचारलं, हे कशाला रे पोरांनो? म्हटलं, आते, अंतर मोजतोय. ती म्हणाली, मागं एक पोरगा आला होता मोबाईल घेऊन. विचारत होता, दवाखान्यात जायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, जायला की पोचायला? तर म्हणाला, मावशी, ह्यात एकच रकाना आहे.

ती वाट आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली. सड्यावरची पायवाट टाकली. पऱ्यावरनं मोटार जाते म्हणून जी रेघ होती ती तोडली, तिथं पूल नाय म्हणून खूण केली. वाडीला नाव काय टाकायचं यावर रात्रभर भांडलो. एक म्हणाला सरकारी नाव टाक, एक म्हणाला जुनंच टाक, लाज त्यांना वाटू दे. शेवटी बौद्धवाडी टाकलं. जगाचे नकाशे काढणारे रस्ते तिथनंही उचलतात. आता पुढच्या वेळी उचलतील तेव्हा तुटलेली रेघही उचलतील.

तोच कागद, वेळेच्या तक्त्यासकट, तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिला. कारकुनानं उलटासुलटा बघितला. म्हणाला, हा कुठल्या खात्याचा नमुना? म्हटलं, आमचा. त्यानं साहेबाकडं बघितलं, साहेबानं पंख्याकडं बघितलं. पण शिक्का मारून घेतलाय. आवक क्रमांक पडलाय.

तर हॉलातल्या गोड माणसा, तुझा पत्ता आमच्याकडं आहे. येत्या पावसाच्या आत साकवाला दगड लागला नाय तर तुझ्या पुढच्या कार्यक्रमाला आम्ही येतोय, सहा जण, डोली घेऊन, पन्नास किलोची गोण आत घालून. तुझ्या इमारतीच्या पायथ्यापासनं हॉलापर्यंत किती मिनिटं लागतात ते मोजणार आहोत, लिफ्ट बंद ठेव. बांबू नवा तोडलाय. ओला आहे अजून, उन्हात टाकलाय.

जयभीम.